फळ्याच्या जागी की फळ्याशेजारी

उज्जैनमध्ये सांदीपनी आश्रमाच्या परिसराला अंकपात म्हणतात. श्रीकृष्णानं आपली पाटी इथल्या पाण्यात धुतली, पाटीवरचे अंक इथं पडले, म्हणून हे नाव, असं सांगतात. गुरूंनी कोरलेल्या एक ते शंभर अंकांचा दगडही दाखवतात. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याची कथा याच जागेची. एवढ्या वेगाचा अभ्यासक्रम त्यानंतर कुणाला जमलेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारनं आपल्या ‘सीएम राइज’ शाळांचं नाव बदलून ‘सांदीपनी विद्यालय’ ठेवलं. मुख्यमंत्री मोहन यादव उज्जैनचेच, तेव्हा नाव कुठून आलं हे इथं कुणाला सांगावं लागलं नाही. बालवाडीपासून बारावीपर्यंत एकच आवार, मुलांना न्यायला-आणायला बस, प्रयोगशाळा आणि स्मार्ट क्लास, अशी या शाळांची कल्पना आहे.

पण उज्जैन जिल्ह्यातली बहुतेक मुलं पहिली-दुसरीत जातात ती या शाळांत नव्हे. घट्टिया, तराना, महिदपूर, बडनगर, खाचरोद या तहसिलींतल्या गावांत प्राथमिक शाळा म्हणजे दोन-तीन खोल्या, ओसरी, माध्यान्ह भोजनाचं स्वयंपाकघर आणि पाच वर्गांना मिळून दोन मास्साब, म्हणजे गुरुजी. कुठं एकच. देशभरात अशा एकशिक्षकी शाळा एक लाखाहून अधिक आहेत. तिथं डिजिटल साधनं वापरावीत की नाहीत, हा वाद आता जुना झाला. साधनं येऊन बसलेली आहेत, निदान मास्साबांच्या खिशात तरी. आढावा घ्यायचा तो वेगळ्या गोष्टीचा. गेल्या पन्नास वर्षांत वर्गात जेव्हा जेव्हा नवं यंत्र शिरलं, तेव्हा ते कशाच्या जागी बसलं? शिक्षकाच्या, पुस्तकाच्या, की रिकाम्या वेळाच्या? माझ्या मते या विषयातलं निम्मं भांडण हा प्रश्न न विचारल्यामुळं आहे.

सुरुवात दूरचित्रवाणीपासून करावी लागते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतानं ‘साइट’ हा उपग्रह प्रयोग केला. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्यांत मध्य प्रदेशही होता, पण माळवा नव्हे. तेव्हाच्या मध्य प्रदेशातला रायपूरकडचा, म्हणजे आजच्या छत्तीसगडातला भाग. सकाळी प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती आणि आरोग्य. ठरल्याप्रमाणं वर्ष संपलं, उपग्रह दुसरीकडं गेला, संच उरले.

महाराष्ट्रात याची पुढची पायरी म्हणजे पुण्याची ‘बालचित्रवाणी’. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेनं शालेय विषयांवर मराठीत कार्यक्रम तयार केले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेकांना दूरदर्शनवरचे ते सकाळचे तास आठवतील. २०१७ मध्ये ती बंद झाली. मोबाइलवर शैक्षणिक व्हिडिओंचा पूर येत होता, नेमका त्याच सुमारास मराठीतले व्हिडिओ करणारी सरकारी संस्था मिटली. यातल्या विसंगतीवर तेव्हा जेवढं बोलायला हवं होतं तेवढं कुणी बोललं नाही.

संगणकाच्या बाबतीत मध्य प्रदेश मागं नव्हता. २००० साली राजीव गांधी शिक्षा मिशननं ‘हेडस्टार्ट’ नावाचा कार्यक्रम आणला. जनशिक्षा केंद्र म्हणून नेमलेल्या शाळांत संगणक ठेवायचे आणि आसपासच्या प्राथमिक शाळांतल्या मुलांनी तिथं येऊन खेळता खेळता शिकायचं, अशी योजना. शाळेशाळेत संगणक देणं परवडणारं नव्हतं, म्हणून केंद्र. विचार शहाणपणाचा होता. पण संगणकाचं आयुष्य पाच-सात वर्षांचं असतं, तेही वीज नीट असेल तर. आणि सरकारी हिशेबात खरेदीचं शीर्ष नेहमी जाड असतं, दुरुस्तीचं बारीक. पाच किलोमीटरवरून सहा-सात वर्षांच्या मुलांना संगणकापाशी आणणार कोण, हाही प्रश्न होताच. हेडस्टार्टचं नाव आज नव्या शिक्षकांना सांगावं लागतं.

त्याच सुमारास दुसऱ्या टोकाची कल्पना गाजत होती. सुगत मित्र यांनी जानेवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या काळकाजी भागात भिंतीत एक संगणक बसवला आणि वस्तीतली मुलं काय करतात ते पाहिलं. पुढचा प्रयोग मध्य प्रदेशातल्या शिवपुरीत झाला, नंतर सिंधुदुर्गातही. मुलं कुणी न शिकवता संगणक हाताळायला शिकली, एवढं निर्विवाद आहे. त्यावरून शिक्षकाशिवाय शिक्षण होऊ शकतं, असा निष्कर्ष जगभर मिरवला गेला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पायल अरोरा यांनी उत्तराखंडातल्या अशा भिंतींकडं जाऊन पाहिलं, तेव्हा संगणक बंद पडलेले होते आणि गावात त्यांची आठवणही अंधुक होती. खिडकी उघडून फोल्डर बनवणं आणि परिच्छेद वाचून त्याचा अर्थ लावणं यांत अंतर आहे. पहिलं मूल स्वतःहून शिकतं. दुसरं शिकायला बहुतेक मुलांना सोबत लागते.

आता जे मोजून तपासलं गेलं आहे त्याकडं येऊ, कारण या प्रश्नात मतं पुष्कळ आणि मोजमाप थोडं.

बडोद्याच्या महानगरपालिकेच्या शाळांत ‘प्रथम’ संस्थेनं चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोन मुलं. मुलाला जमेल तसतसं गणित अवघड होत जायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: दुसऱ्या वर्षाअखेर गणितात ०.४७ प्रमाण विचलनाची वाढ. शिक्षणातल्या प्रयोगांत एवढी वाढ क्वचित दिसते. मात्र वर्षभरानं पुन्हा तपासलं तेव्हा तिच्यातला बराचसा भाग ओसरला होता. भाषेत फरक पडला नव्हताच.

या अभ्यासापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो ली लिंडेन यांचा २००८ चा. तोही गुजरातचा आणि जवळपास तसल्याच सॉफ्टवेअरचा. ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या दुसरी-तिसरीच्या वर्गांत दोन पद्धती करून पाहिल्या. काही ठिकाणी मुलं शाळेच्या वेळातच, शिक्षिकेच्या तासाऐवजी संगणकावर बसली. काही ठिकाणी शाळा सुटल्यावर, तास झाल्यानंतर जादा म्हणून बसली. जादा बसलेल्यांचं गणित सुधारलं, कच्च्या मुलांचं जास्त. तासाऐवजी बसलेल्यांचं बिघडलं, तेही थोडंथोडकं नव्हे, ०.५७ प्रमाण विचलनानं. ज्ञानशाळेच्या शिक्षिका नीट बांधलेल्या पद्धतीनं शिकवत होत्या. त्यांचा चांगला तास काढून त्याजागी संगणक आला आणि मुलांचं नुकसान झालं. यंत्र तेच, मुलं तीच, राज्य तेच. बदलली फक्त जागा.

हा एक अभ्यास हाती धरला की बाकीचे उलगडत जातात. पेरूनं २००८ पासून खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत मुलामागं एक लॅपटॉप दिला. ३१९ शाळांत तपासणी झाली, तेव्हा गणितात आणि भाषेत काहीच फरक आढळला नाही. लॅपटॉप आले होते, पण शिक्षकाच्या कामात ते कुठं बसवायचे हे कुणी ठरवलं नव्हतं. ओईसीडीच्या २०१५ च्या अहवालानंही हेच सांगितलं की शाळांत संगणकांवर भरपूर खर्च केलेल्या देशांच्या वाचनात आणि गणितात लक्षणीय सुधारणा दिसत नाही. दुसरीकडं दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरच्या शाळेबाहेरच्या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्ही सुधारलं; कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती मुलं सहावी ते नववीची होती हे विसरू नये. तरी त्यातला एक धडा पहिली-दुसरीलाही लागू आहे. सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागं होतं. शिक्षक सहावीचं पुस्तक शिकवणार, मूल साडेतीनवर अडकलेलं. यंत्रानं मुलाला त्याच्या पातळीवर गाठलं, जे चाळीस मुलांच्या वर्गात माणसाला जमत नाही. त्यानं शिक्षकाची जागा घेतली नाही, शिक्षक जिथं पोचू शकत नव्हता तिथं ते पोचलं.

स्वीडनची बातमी अधूनमधून व्हॉट्सॲपवर फिरते: तिथल्या सरकारनं २०२३ मध्ये लहान वर्गांत छापील पुस्तकं आणि हातानं लिहिणं यांच्यावर पुन्हा भर दिला. बातमी खरी आहे. पण उज्जैनला ती जशीच्या तशी लागू करणं म्हणजे ज्यानं पोटभर जेवून उपास धरला त्याचा सल्ला भुकेल्याला देणं. स्वीडनची मुलं पडद्यांनी ओथंबली होती. इथं ‘यूडाइस प्लस’ या सरकारी शाळा-नोंदीच्या २०२४-२५ च्या आकड्यांप्रमाणं देशातल्या ६४.७ टक्के शाळांत संगणक आहे आणि ६३.५ टक्क्यांत इंटरनेट. हे सगळ्या शाळांचे मिळून आकडे आहेत, माध्यमिक आणि खासगी धरून.

मग आलं २०२०, आणि करोनामुळं शाळा बंद झाल्या. त्या दोन वर्षांत उज्जैनच्या प्राथमिक शाळांनी जे पाहिलं, ते पुढं-मागं कुठल्याही प्रयोगशाळेत होणार नाही. मध्य प्रदेशानं एप्रिलमध्येच ‘डिजीलेप’ सुरू केलं: शिक्षकांनी पालकांचे व्हॉट्सॲप गट करायचे आणि रोज त्यावर व्हिडिओ टाकायचे. रेडिओवर शाळा भरू लागली. ६ जुलैपासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ आलं. सकाळी दहाला घरातल्या कुणी थाळी वाजवून घंटा द्यायची, मुलानं अभ्यासाला बसायचं, शिक्षकानं गावात फिरून चार-पाच मुलं गाठायची. थाळीची कल्पना कागदावर गोड होती. पण जुलै म्हणजे माळव्यात सोयाबीनच्या पेरण्यांचे दिवस, आणि दहाला थाळी वाजवायला घरी कोण असणार, हे कल्पना सुचवणाऱ्यानं कुणाला विचारलं नसावं.

महाराष्ट्रात त्याच महिन्यात, २० जुलैपासून, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी सुरू झाली. घरातल्या आणि परसातल्या वस्तू घेऊन मुलांनी काहीतरी करून पाहावं, अशी तिची रचना होती. पाहणाऱ्या मुलाला हातपाय हलवायला लावणारा कार्यक्रम मराठीत बऱ्याच दिवसांनी आला होता.

निकाल काय लागला? अझीम प्रेमजी विद्यापीठानं २०२१ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशासह पाच राज्यांतल्या १६,०६७ मुलांची पाहणी मांडली. दुसरी ते सहावीतल्या ९२ टक्के मुलांनी आदल्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य गमावलं होतं. गणितात हे प्रमाण ८२ टक्के. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या पाहणीत खेड्यांतली केवळ ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. फोन तर घरोघरी येत होते: ग्रामीण भागातल्या ‘असर’ पाहण्यांत स्मार्टफोन असलेल्या घरांचं प्रमाण २०१८ मधल्या ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ वर गेलं. पण घरातला फोन म्हणजे मुलाचा फोन नव्हे. तो बापाच्या खिशात इंदूरच्या कारखान्यात किंवा मंडीत, आणि रात्री परत आला की मोठ्या भावाच्या हातात.

या काळातला सगळ्यांत बोलका प्रयोग आफ्रिकेत बोट्स्वानात झाला. आठवड्यातून एकदा शिक्षकानं साध्या फोनवर घरी फोन करायचा, पंधरा-वीस मिनिटं मुलाशी आणि पालकाशी गणित बोलायचं, सोबत एक लेखी निरोप. मुलं शिकली. हाच प्रयोग पुढं भारतासह पाच देशांत झाला आणि तिथंही फायदा दिसला. नुसता लेखी निरोप पाठवलेल्यांना असा भरवशाचा फायदा झाला नाही. स्मार्टफोन नको, इंटरनेट नको, व्हिडिओ नको. शिक्षकाचा आवाज आणि मुलाचं नाव. आपल्याकडं त्या वर्षी गटावर टाकलेल्या दुव्यांची मोजदाद झाली, केलेल्या फोनची नाही.

शाळा उघडल्या आणि सावरणं सुरू झालं. ‘असर’च्या पाहण्यांप्रमाणं सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा धडा वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के होती, २०२२ मध्ये १६.३ झाली आणि २०२४ मध्ये २३.४. म्हणजे करोनापूर्व पातळीच्याही वर. श्रेय कशाला? जाणकार बहुतेक २०२१ च्या ‘निपुण भारत’ मोहिमेकडं बोट दाखवतात. मध्य प्रदेशात तिचं नाव ‘मिशन अंकुर’. पहिली ते तिसरीत वाचन आणि अंकज्ञान एवढंच धरून बसायचं, शिक्षकाला रोजच्या तासाचा आराखडा द्यायचा, मुलाला सरावाची वही द्यायची. डिजिटल भाग यात आहे तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा, ‘दीक्षा’ या व्यासपीठावर. पडदा इथं मुलासमोर नाही, मास्साबांसमोर आहे. माझ्या दृष्टीनं आजवरचा हा सगळ्यांत समंजस वापर, आणि म्हणूनच छायाचित्रात न दिसणारा.

मास्साबांसमोरच्या पडद्याची दुसरी बाजूही आहे. सरकारनं प्राथमिक शिक्षकांना टॅबलेट घ्यायला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम दिली. त्या टॅबलेटवर दिवसभरात काय चालतं ते कुठल्याही शिक्षकाला विचारा. मुलांची समग्र आयडी जोडणं, एज्युकेशन पोर्टलवर नोंदी, माध्यान्ह भोजनाचा आकडा, गणवेश, पुस्तकवाटप, संकुलातून आलेला ‘आज ही’ असा निरोप, फोटो, परत फोटो. शिक्षकांच्या हजेरीसाठी आधी ‘एम शिक्षा मित्र’ आलं, शिक्षक संघटनांनी विरोध केला. २०२५ मध्ये ‘हमारे शिक्षक’ हे ॲप आलं, पुन्हा विरोध. शिक्षक वेळेवर यावेत ही अपेक्षा चूक कोण म्हणेल? पण तंत्रज्ञान शाळेत आलं म्हणून ज्याचा उत्सव होतो, त्यातला मोठा भाग कार्यालय शाळेत आल्याचा आहे. हे यंत्र कशाच्या जागी बसलं, याचं उत्तर साधं आहे: दोन शिक्षकी शाळेत एक जण नोंदी करत असतो तेव्हा पाच वर्ग दुसऱ्याकडं असतात.

घट्टिया तहसिलीतल्या एका शाळेत पाहिलेलं सांगतो. पावसाळी दिवस, वीज गेलेली, पहिली-दुसरी ओसरीवर. मास्साबांनी टॅबलेटवर गोष्टीचा व्हिडिओ लावला. पुढच्या ओळीतल्या मुलांना पडदा दिसत होता, मागच्यांना पुढच्यांची डोकी. आवाज पत्र्यावरच्या पावसात बुडालेला. पाच मिनिटांत तो कार्यक्रम आपोआप संपला. मग त्यांनी केलं ते वेगळं. दुसरीतल्या एकेका मुलाला धडा वाचायला लावून स्वतःच्या फोनवर ते वाचन रेकॉर्ड केलं आणि लगेच त्यालाच ऐकवलं. आपला आवाज फोनमधून ऐकून मुलं आधी लाजली, मग कान देऊन ऐकू लागली. एक मुलगी अडखळलेल्या शब्दापाशी स्वतःच ‘रुको’ म्हणाली आणि तो शब्द नीट वाचून दाखवला. दुसऱ्या मुलानं छापलेल्या ‘मेरा घर’च्या जागी ठसक्यात ‘म्हारो घर’ वाचलं. मास्साब हसले आणि त्याला पुढं जाऊ दिलं. तो अक्षरं ओळखून अर्थ लावत होता आणि अर्थ त्याच्या घरच्या माळवीत लागत होता. चूक नव्हतीच ती, वाचन येऊ लागल्याची खूण होती. अक्षराला अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्रानं तिथं लाल फुली मारली असती.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळांची कहाणी याच मुद्द्याला वेगळ्या बाजूनं भिडते. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या शाळेत संदीप गुंड यांनी लोकवर्गणीतून वर्ग डिजिटल केला आणि तो पाहायला राज्यभरातले शिक्षक गेले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले. ती कल्पना आधी राज्यानं उचलली, मग देशानं, आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ शासन निर्णयानंतर अशा शिक्षकांना काही काळ मोकळीक मिळाली. या उदाहरणांत यंत्र वरून उतरलं नाही, शिक्षकानं आपल्या वर्गातली अडचण पाहून ते आणलं. क्यूआर कोडही पुस्तकाच्या जागी बसला नाही, पुस्तकाच्या पानावर बसला. मात्र ‘शाळा डिजिटल झाली’ हे जिल्ह्याचं उद्दिष्ट बनलं तेव्हा प्रोजेक्टर मोजले जाऊ लागले आणि बल्ब गेलेला प्रोजेक्टरही डिजिटलच धरला गेला.

मध्य प्रदेशाकडं याहून जुना एक वारसा आहे, तो इथल्या डिजिटल चर्चेत कुणी काढत नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांपासून सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम तीस वर्षं चालला. मुलांनी प्रयोग करून शिकायचं, शिक्षकानं उत्तर सांगायचं नाही. तो चालवण्यासाठी १९८२ मध्ये ‘एकलव्य’ संस्था उभी राहिली. तिचं केंद्र उज्जैनातही होतं. २००२ मध्ये सरकारनं कार्यक्रम बंद केला. याच कार्यक्रमात १९७८ मध्ये अरविंद गुप्ता आले आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या घेऊन त्यांनी भूमितीचे आकार केले. पुढं पुण्यात आयुका या खगोलविज्ञान केंद्रात बसून त्यांनी हजारो पुस्तकं आणि खेळण्यांचे व्हिडिओ संकेतस्थळावर फुकट ठेवले, मराठीतही भरपूर. दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहायचा, फोन खाली ठेवायचा आणि कागद घडी घालायला घ्यायचा. पडदा इथं हाताला कामाला लावून बाजूला होतो. प्राथमिक वर्गासाठी चांगल्या डिजिटल साहित्याची मला सुचलेली कसोटी हीच: व्हिडिओ संपल्यावर मूल काय करतं? पुढचा व्हिडिओ लावतं, की उठतं?

यंत्रांचंच म्हणाल तर उज्जैनला यंत्रं नवी नाहीत. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकात बांधलेली वेधशाळा क्षिप्रेकाठी अजून उभी आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदानं ती पुन्हा चालती केली. उज्जैन कर्कवृत्ताच्या इतकं जवळ आहे की २१ जूनच्या सुमारास भर दुपारी शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. तिसरी-चौथीच्या मुलाला हे शाळेच्या आवारात काठी रोवूनही दाखवता येतं. मग पृथ्वी कशी कललेली आहे याचा ॲनिमेटेड व्हिडिओ लावावा, तो तेव्हा खरा उपयोगी. सावली आधी, व्हिडिओ नंतर. उलट क्रमानं गेलं तर मुलाला सावली म्हणजे व्हिडिओची कमअस्सल नक्कल वाटते. वेधशाळेच्या आवाराशीच फेब्रुवारी २०२४ मध्ये मनोऱ्यावर ‘विक्रमादित्य वैदिक घड्याळ’ बसवलं गेलं. मुहूर्त दाखवणारा तो डिजिटल पडदा पाहायला गर्दी होते. वेधशाळेतल्या सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ वाचायला थोडं थांबावं लागतं, म्हणून तिथं गर्दी नसते.

माळव्यातल्या मराठी घरांचा मुद्दा वेगळा आहे. १८१० मध्ये शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, पण मराठी कुटुंबं इथं राहिली. गजानन माधव मुक्तिबोधांचं काही शिक्षण उज्जैनात झालं. ते हिंदीत लिहू लागले आणि धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. आज नातवंडं हिंदी किंवा इंग्रजी शाळेत, आजी मराठी बोलणार, नातू हिंदीत उत्तर देणार. लिपी एकच असल्यामुळं मराठी वाचायला फार तर महिनाभराचा सराव पुरतो. आजवर अडचण पुस्तकांची होती. बालभारतीची पुस्तकं आता फुकट उतरवून घेता येतात, पहिलीच्या कविता यूट्यूबवर आहेत, ‘रीड अलाँग’सारखं ॲप मराठीत मुलाचं वाचन ऐकून दुरुस्त करतं. अमेरिकेतल्या मराठी शाळा या साधनांवर रविवारचे वर्ग चालवतात. उज्जैन-इंदूरच्या मंडळांना हे त्यांच्याहून सोपं आहे, कारण इथं मुलाला अक्षरं आधीच येतात. इथं यंत्र कुणाचीच जागा घेत नाही. जी शाळा नव्हतीच तिच्या रिकाम्या जागी बसतं.

आता पुढची लाट. केंद्र सरकारनं २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार शिकवायचं जाहीर केलं आहे. ज्या देशातल्या खेड्यांत तिसरीची जवळपास तीन-चतुर्थांश मुलं दुसरीचा धडा वाचू शकत नाहीत, तिथं हे ऐकून भुवई उंचावणारच. तरी मी ही लाट झटकून टाकणार नाही. मुलाचं वाचन ऐकून ते कुठं अडतं हे सांगणारं यंत्र, तेही दहा मुलांचं एकाच वेळी, हे दोन शिक्षकी शाळेत वरदान ठरू शकतं. फक्त त्याला इथल्या मुलाचं बोलणं कळलं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत बावन्न लाख लोकांनी आपली भाषा माळवी सांगितली, आणि जनगणनेनं ती हिंदीत मोजली. आठव्या अनुसूचीत ती नाही, म्हणून ‘भाषिणी’सारख्या सरकारी भाषा-प्रकल्पांची पहिली धाव तिच्यापर्यंत जात नाही. माळवी मुलांचे आवाज यंत्राला ऐकवायचे तर कुणीतरी ते आधी गोळा करायला हवेत: तराना-महिदपूरच्या पहिलीतल्या मुलांचं बोलणं, त्यांच्या गोष्टी, त्यांचं अडखळतं वाचन, पालकांची परवानगी घेऊन. घट्टियाच्या त्या मास्साबांनी एका दुपारी पंधरा-वीस मुलांचं वाचन फोनवर घेतलं होतं, आणि जागा कमी पडते म्हणून रात्री पुसून टाकलं होतं. जिल्ह्यात डाएट आहे, तिथं दरवर्षी भावी शिक्षक शिकतात, त्यांना गावांत सरावपाठ घ्यायचेच असतात. त्यांच्या सरावात हे एक काम बसवायला नव्या टॅबलेटची गरज नाही.